साहेब समलिंगी लोकांविरुद्ध बोलले, आता त्यांचा माल घ्यायचा का? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारतं कोण?

सोसायटीतल्या बायका, भिशीतल्या मैत्रिणी, मुलाच्या मित्रांच्या आया, क्वचित एखादा दुकानदारही. माझा मुलगा गे आहे आणि पार्ल्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे एखाद्या कंपनीचा मालक समलिंगी लोकांबद्दल काही वेडंवाकडं बोलला की पहिला फॉरवर्ड माझ्याकडे येतो आणि खाली प्रश्न असतो, "आता हे घ्यायचं की नाही?" प्रत्येकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

बरिला पास्त्याचं प्रकरण नेमकं काय होतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, कारण तो निळा खोका मुंबईतल्या मोठ्या दुकानांत दिसतो आणि फॉरवर्डमध्ये त्याचाच फोटो असतो.

बरिला ही इटलीतल्या पार्मा गावची कंपनी. १८७७ साली सुरू झाली आणि आजही बरिला घराण्याच्याच हातात आहे. "जिथे बरिला, तिथे घर" अशा अर्थाचं तिचं घोषवाक्य इटलीत पोराटोरांना पाठ आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीचे अध्यक्ष ग्विदो बरिला एका रेडिओ कार्यक्रमात बोलत होते. त्या दिवसांत इटलीच्या संसदेतल्या कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षा लॉरा बोल्द्रिनी यांनी जाहिरातींवर टीका केली होती: आई उभी राहून वाढतेय आणि बाकीचे बसून जेवतायत, हे चित्र किती दिवस दाखवणार? त्यावरून बोलणं समलिंगी कुटुंबांवर गेलं. ग्विदो म्हणाले, समलिंगी कुटुंब असलेली जाहिरात मी कधीच करणार नाही, आमचं कुटुंब पारंपरिक आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी दुसरा पास्ता खावा.

लोकांनी दुसरा पास्ता खाल्ला. इटलीतल्या समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी बहिष्काराची हाक दिली आणि एका दिवसात ती अमेरिकेपर्यंत पोचली. हार्वर्ड विद्यापीठाने आपल्या भोजनगृहांतून बरिला काढून टाकला. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी "आमच्याकडे सगळ्यांना जागा आहे" अशी चित्रं टाकायला वेळ लावला नाही. ग्विदोंची पहिली माफी "कुणी दुखावलं असेल तर" या थाटाची होती आणि ती कुणाच्या गळी उतरली नाही. मग त्यांनी व्हिडिओवर माफी मागितली, समलिंगी संघटनांच्या लोकांना भेटले, त्यांचं ऐकून घेतलं.

पुढचं फारसं कुणी फॉरवर्ड करत नाही आणि माझ्या मते महत्त्वाचं तेच आहे. कंपनीने बाहेरच्या जाणकारांचं सल्लागार मंडळ नेमलं, त्यात अमेरिकेतले जुने समलिंगी हक्क कार्यकर्ते डेव्हिड मिक्सनर होते. विविधतेचं काम बघायला स्वतंत्र अधिकारी नेमली. नोव्हेंबर २०१४ मध्ये, म्हणजे वर्षभराच्या आसपास, अमेरिकेतल्या ह्यूमन राइट्स कॅम्पेन या संस्थेने कंपन्या समलिंगी कर्मचाऱ्यांना कसं वागवतात याची जी यादी काढली, तीत बरिलाला १०० पैकी १०० गुण मिळाले. २०१८ मध्ये कंपनीने एक खास खोका काढला. त्यावर दोन बायका एकच स्पॅगेटी दोन टोकांनी खातायत असं चित्र होतं.

मग आजही बरिला घ्यायचा नाही का?

घ्या, खुशाल घ्या. आवडत नसेल तर नका घेऊ, पण २०१३ च्या वाक्यासाठी नको. बहिष्कार घालणाऱ्यांनी जे मागितलं ते बऱ्याच अंशी मिळालं. मागणी पूर्ण झाल्यावरही मारत राहिलं, तर पुढच्या कंपनीला सुधारण्यात काय फायदा दिसणार?

फॉरवर्ड खरा आहे की नाही हे कसं बघायचं?

तारीख शोधा. दहा-बारा वर्षांपूर्वीची क्लिप आजची म्हणून फिरते, हे बरिलाच्या बाबतीत मी स्वतः पाहिलं आहे. बोलणाऱ्याचं नाव आणि पद पाहा. कंपनीचा अध्यक्ष, एखादा माजी अधिकारी आणि त्याच आडनावाचा कुणी तिसराच माणूस, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पूर्ण वाक्य ऐका, मागचापुढचा एक मिनिटही ऐका. आणि नुसतं चित्र, त्यावर अवतरणचिन्हांत दोन ओळी, खाली काहीच नाही, असं असेल तर पुढे पाठवू नका. एखाद्याने न म्हटलेलं वाक्य त्याच्या तोंडी घातलं, तर उद्या खरं बोललेलं वाक्यही कुणी मानणार नाही.

बहिष्कार उलटतो असं म्हणतात. अमेरिकेत तसं झालं ना?

झालं. चिक-फिल-ए ही तिथली चिकन सँडविचची साखळी. भारतात तिची दुकानं नाहीत. धार्मिक घराण्याची कंपनी, रविवारी सगळी दुकानं बंद. २०१२ मध्ये प्रमुख डॅन कॅथी यांनी समलिंगी विवाहाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. बहिष्काराची हाक आली, तशी उलट हाकही आली. माइक हकबी या माजी गव्हर्नरांनी १ ऑगस्ट २०१२ ला "तिथेच जाऊन खा" असा दिवस ठरवला. लोकांनी तासनतास रांगा लावल्या आणि कंपनीने त्या दिवशी विक्रमी विक्री झाल्याचं सांगितलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. समलिंगी कार्यकर्त्यांचा खरा आक्षेप कॅथींच्या बोलण्यापेक्षा कंपनीच्या संस्थेकडून जाणाऱ्या देणग्यांवर होता, कारण त्यातला पैसा समलिंगी हक्कांना विरोध करणाऱ्या संघटनांना मिळत होता. ते हा हिशेब वर्षानुवर्षं मांडत राहिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने देणग्यांचं धोरण बदललं: शिक्षण, बेघरांचा निवारा आणि भूक एवढ्याच कामांना पैसा. ज्या संघटनांवरून वाद होता त्यांतल्या दोन मोठ्या त्या यादीत राहिल्या नाहीत.

यातून मी एक घेते. साहेब काय बोलले याच्या पुढे जाऊन साहेबांचा पैसा कुठे जातो ते विचारा. बोलणं ते माफी मागून मिटवतील. देणगी मिटवता येत नाही, ती थांबवावी लागते.

त्याचं मत त्याच्यापाशी. आपल्याला पास्त्याशी मतलब, नाही का?

मत बाळगायचा त्याला हक्क आहेच आणि तो कुणी काढून घेऊ नये. माझ्या पिशवीत काय जावं ते ठरवायचा हक्क माझा आहे. दोन्ही एका वेळी खरे आहेत.

पण "फक्त मत" हे मला पटत नाही. खाण्याच्या वस्तू विकणारा माणूस घर विकत असतो. प्रत्येक जाहिरातीत ताट, आई, मुलं, डब्यातली पोळी. कुटुंब म्हणजे कोण, हे तो रोज टीव्हीवरून सांगतो. अशा माणसाने "तुम्ही आमच्या कुटुंबाच्या चित्रात बसत नाही" म्हटलं की ते ताटावरून उठवल्यासारखं लागतं.

रविवारी माझा मुलगा आणि त्याचा जोडीदार जेवायला येतात. येताना बाजारातून बांगडे आणतात. साफ करायचं काम जोडीदाराचं, कारण माझ्या मुलाला तो वास सहन होत नाही. तो सोलकढीसाठी नारळ खवतो आणि दर वेळी आमसुलं जास्त टाकतो. या घराला कुटुंब म्हणायला मला कुठल्या कंपनीच्या अध्यक्षाची परवानगी नको आहे.

आणि आता सरकारही यात काही बोललेलं आहे. सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेजसिंग जोहर खटल्यात कलम ३७७ चा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टाने समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता द्यायला नकार दिला, तो दिवस आमच्या घरात फार वाईट गेला. पण त्या निकालातून केंद्राची एक समिती आली आणि २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळवलं की रेशन कार्डासाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं. बँकेत संयुक्त खातं आणि नॉमिनी म्हणून जोडीदाराचं नाव, हेही त्याच वर्षी स्पष्ट झालं. म्हणजे रेशनच्या गहू-तांदळापुरतं का होईना, दोन पुरुषांचं घर हे घर आहे. मग पास्त्याला काय अडचण आहे?

आपल्याकडे असं कधी झालं आहे का?

आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं झालं आहे. कंपनीने समलिंगी किंवा ट्रान्स माणसांना जाहिरातीत जागा दिली म्हणून बहिष्काराची हाक आली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये डाबरने फेम या ब्लीचची जाहिरात केली, दोन बायका एकमेकींसाठी करवा चौथचं व्रत करतायत अशी. मध्य प्रदेशचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. डाबरने जाहिरात काढली आणि बिनशर्त माफी मागितली. तेव्हा सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती असलेले धनंजय चंद्रचूड यांनी काही दिवसांतच एका भाषणात याचा उल्लेख केला, लोकांच्या असहिष्णुतेमुळे जाहिरात मागे घ्यावी लागली म्हणून. हीच कंपनी मध आणि फळांचे रस विकते, ते आपल्या सगळ्यांच्या घरात असतात.

मे २०२३ मध्ये स्टारबक्स इंडियाची जाहिरात आली. आईवडील कॅफेत मुलाची वाट बघत बसलेत. येते ती मुलगी, आधीचा अर्पित. वडील उठून काउंटरवर जातात आणि थोड्या वेळाने हाक येते ती "अर्पिता"च्या नावाने. मी ती पाहिली तेव्हा मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी बघते तर बहिष्काराचा हॅशटॅग. टाटांबरोबरची ही भागीदारी आपल्याच शहरातली. देशातलं पहिलं दुकान २०१२ मध्ये हॉर्निमन सर्कलला उघडलं.

म्हणून मी मैत्रिणींना सांगते, एखादी कंपनी आपल्या मुलांच्या बाजूने उभी राहिली तर तेव्हाही पत्र लिहा. शिव्यांचा ढीग त्यांच्याकडे पोचतोच. "आम्हाला आवडलं, मागे घेऊ नका" लिहिणारे कमी असतात.

बहिष्कार घालणं गुन्हा आहे का? महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा आहे म्हणतात.

कायदा आहे, पण तो माणसांवरच्या बहिष्काराविरुद्ध आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, अंमल २०१७ पासून. जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकू नये, त्यांचं पाणी, लग्नकार्य, मयत अडवू नये म्हणून तो आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही एखादा पास्ता किंवा लोणचं घेतलं नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

हा फरक महाराष्ट्राला शिकवायची गरज पडू नये. परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात ३१ जुलै १९२१ ला विदेशी कापडाची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला विदेशी कापडाच्या ट्रकसमोर गिरणी कामगार बाबू गेनू आडवा झाला आणि त्यात त्याचा जीव गेला. वस्तू नाकारणं म्हणजे हे. आणि याच मुंबईतून १९२७ मध्ये बाबासाहेबांनी "बहिष्कृत भारत" हे पाक्षिक सुरू केलं, ते माणसांना माणूस म्हणून नाकारलं जात होतं म्हणून. आपण पहिल्या बाजूचं काही करत असताना चुकूनही दुसऱ्या बाजूला जायचं नाही. त्या साहेबाची मुलं, त्याचं आडनाव, त्याची जात, त्याच्या ऑफिसातला शिपाई यांना हात लावायचा नाही.

आणखी एक सांभाळा: बदनामीचा कायदा. साहेब जे बोलले ते जसंच्या तसं लिहा, त्यावर तुमचं मत लिहा. "यांच्या पाकिटात अळी निघाली" असं खोटं लिहू नका, ऑनलाइन रिव्ह्यूमध्ये तर मुळीच नको.

ग्राहक आयोगात तक्रार करता येईल?

नाही. माल खराब नाही, वजनात कमी नाही, सेवेत खोट नाही. मालकाच्या मतावर ग्राहक कायदा लागू होत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून उपयोग नाही. मात्र एखाद्या हॉटेलाने किंवा दुकानाने ट्रान्स व्यक्तीला आत घेतलं नाही, तर गोष्ट वेगळी. ट्रान्स व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याने तो भेदभाव ठरतो. गे आणि लेस्बियन माणसांसाठी खासगी दुकानं-कंपन्यांना बांधील करणारा असा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे अजून नाही, आणि म्हणूनही ग्राहकाने बोलायला हवं.

ब्रँड कुणाचा आहे हे कळत नाही. कुठे बघू?

पाकीट उलटं करा. उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे, आणि ग्राहक संपर्काचा फोन-ईमेलही. परदेशी मालावर आयातदाराचं वेगळं स्टिकर असतं, बऱ्याचदा मूळ मजकुरावरच चिकटवलेलं. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक असतो, तोही टिपून ठेवा. एकाच कंपनीचे पाच ब्रँड असतात आणि एकाच ब्रँडचा माल दोन कारखान्यांतून येतो, म्हणून नाव नीट वाचा.

बारकोडवर भिस्त ठेवू नका. ८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे भारतात बनलेला माल, असा फॉरवर्ड फिरतो. ८९० चा अर्थ एवढाच की तो क्रमांक बारकोड देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतला आहे. माल कुठे बनला, मालक कोण, हे त्यावरून कळत नाही.

आपल्या वाण्याचं नुकसान होत नाही का?

होतं, सांभाळून केलं नाही तर आधी त्याचंच होतं. आमच्या वाण्याने मला एकदा फळीवरचा खोका हातात घेऊन समजावलं: "ताई, ह्याचे पैसे मी डिस्ट्रिब्युटरला देऊन बसलोय. तुम्ही नाही घेतला तर साहेबाला काय कळणार? मी पुढच्या वेळी कमी मागवणार, सेल्समन विचारणार का कमी, मी सांगणार गिऱ्हाईक नको म्हणतं. तेव्हा कुठे वर जाणार."

बहिष्काराचा रस्ता हाच आहे. म्हणून गुपचूप दुसरा ब्रँड उचलू नका. दुकानदाराला कारण सांगा, शांतपणे, गिऱ्हाइकांची गर्दी नसताना. त्याच्याकडून बाकीचं सामान घेत राहा. सुपरमार्केटमधल्या काउंटरवरच्या पोरीला किंवा घरी सामान आणणाऱ्या मुलाला काहीही ऐकवू नका. त्यांच्या हातात काही नाही.

मी एकटीने दोन पाकिटं नाही घेतली तर काय फरक पडणार?

दोन पाकिटांनी पडणार नाही. दोन पाकिटं आणि एक पत्र यांनी थोडा पडेल. पंचवीस घरांनी एकत्र लिहिलं तर कंपनीतलं कुणीतरी ते वरच्या साहेबाच्या टेबलावर ठेवेल. आपल्या शहरात एकत्र किराणा घ्यायची सवय जुनी आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचं सामान एकत्र मागवते. तुम्ही अशा कुठल्या गटात असाल तर यादी भरण्याआधी विषय काढा. सगळे पटवून घेतील असं नाही. आमच्या भिशीत दोघींनी सरळ सांगितलं की त्यांना हे विषय आवडत नाहीत. त्यांच्याशी मी भांडले नाही, त्यांना आमच्याकडच्या रविवारच्या जेवणाला बोलावलं. एक आली.

पत्रात काय लिहू?

थोडकं लिहा. असं काहीतरी:

"आम्ही तुमचा माल अनेक वर्षं घेतो. तुमच्या अमुक अधिकाऱ्यांनी अमुक तारखेला समलिंगी लोकांबद्दल जे विधान केलं ते आम्ही ऐकलं. आमच्या घरात समलिंगी माणूस आहे आणि तो तुमचा ग्राहक आहे. कंपनीची हीच भूमिका आहे का, हे लेखी कळवावं. नसेल तर त्यांनी जाहीर माफी मागावी आणि समलिंगी व ट्रान्स कर्मचाऱ्यांशी भेदभाव होणार नाही असं धोरण कंपनीने जाहीर करावं. तोपर्यंत आम्ही तुमचा माल घेणार नाही. तसं झाल्यावर पुन्हा घेऊ."

शेवटचं वाक्य गाळू नका. परतीची वाट दिसली तर माणूस वळतो. घरात समलिंगी कुणी नसेल तर ते वाक्य बदला; आमचा मित्र, शेजारी, काहीही. कुणाचं नाव मात्र त्याला न विचारता पत्रात घालू नका. मुंबईत आजही कितीतरी मुलं घरी न सांगता राहतायत.

माफी खरी आहे की देखावा, कसं ओळखायचं?

"कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" अशी सुरुवात असेल तर थांबा, पुढची वाट बघा. मग कामं तपासा. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यात समलिंगी जोडीदाराला घेतात का? तक्रार करायला जागा आहे का? देणग्या कुणाला जातात? जून महिन्यात खोक्यावर इंद्रधनुष्य छापणं सोपं आहे, एचआरच्या नियमांत एक ओळ बदलणं कठीण. आपल्या शहरात हे काम मन लावून करणारेही आहेत. विक्रोळीला गोदरेजच्या इंडिया कल्चर लॅबने २०१८ मध्ये कंपन्यांनी ट्रान्स माणसांना नोकरीत कसं सामावून घ्यावं यावर सविस्तर जाहीरनामा काढला होता. तेव्हा "भारतात हे जमत नाही" असं कुठल्या कंपनीने सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

सासूबाईंना तोच ब्रँड हवा असतो. काय करू?

आणून द्या. ऐंशीच्या घरातल्या बाईच्या चहाबरोबरच्या बिस्किटावरून लढाई करू नका.

मीच गे आहे. हे असलं बोलणं ऐकून त्रास होतो आणि घरी सांगता येत नाही. कुणाशी बोलू?

हमसफर ट्रस्ट ही संस्था सांताक्रूझला आहे, १९९४ पासून. तिथे समुपदेशन आणि आरोग्यतपासणी होते आणि ओळख उघड करायची सक्ती नाही. मन फारच खचलं तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आणि तुमच्या आईवडिलांना दुसऱ्या आईवडिलांशी बोलायचं असेल तर "स्वीकार" हा समलिंगी-ट्रान्स मुलांच्या पालकांचा गट मुंबईतच २०१७ मध्ये सुरू झाला आहे. मुलाने सांगितल्यावर पहिल्या रात्री काय होतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

कंपनीला पत्र लिहायचंय पण स्वतःचं नाव द्यायचं नाही, असं असेल तर मला सांगा. मी माझ्या नावाने लिहीन, पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो तेवढा पाठवा.